हुल्डाचा श्वास आणि माझे धूपबाहुले

शनिवार, ३ नोव्हेंबर

डोरीनने ही वही दिली ती एवढ्याचसाठी, की मी तारीख टाकावी आणि पुढे ‘खाल्लं’ किंवा ‘नाही खाल्लं’ असं लिहावं. बाकीचं पान कोरं सोडायचं म्हणे. मला कोरं पान सोडायला सांगणं म्हणजे लेथवर लाकूड चढवून नुसतं बघत बसायला सांगणं. तेव्हा मी लिहिणार.

तर हुल्डा आली. आफ्रिकेकडच्या जातीचा अजगर. सव्वा मीटर लांब, माझ्या मनगटाएवढी जाड, चॉकलेटी अंगावर पिवळट ठिपके. आमची लेक डोरीन बासेल शहरातल्या इस्पितळात सहा महिन्यांच्या नोकरीवर चालली आहे आणि तिथल्या घरमालकिणीला साप चालत नाही. काचपेटी, उबेचा दिवा, दोन तापमापक, गोठवलेल्या उंदरांचा डबा आणि दोन पानी सूचना एवढं सामान उतरवून घेतलं. निघताना गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, “पप्पा, या वेळी प्राणी जिवंत परत मिळायला हवा.”

‘या वेळी’ कशासाठी, ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. ती नऊ वर्षांची असताना तिचा मॉरिट्झ नावाचा ससा मी नाताळला कापला होता. तेव्हा सगळेच कापायचे. तिने ताटातलं संपवलं आणि मग विचारलं, मॉरिट्झ कुठाय? त्याला एकोणतीस वर्षं झाली. माझ्याशी ती नीट बोलते, वाढदिवसाला केक आणते, पण जिवंत असं काही माझ्या हाती दिलं नाही. मांजर होती तेव्हा गावाला जाताना ती शेजारणीकडे ठेवायची, आणि आम्ही चार घरं पलीकडे. आता शेजारीण वारली म्हणून माझा नंबर लागला.

साप मला आवडत नाही. पण हा साप मे महिन्यात धडधाकट परत जाणार. लिहून ठेवतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

हुल्डाला कामाच्या खोलीत ठेवलं. घरात सगळ्यात उबदार खोली तीच. लेथच्या बाजूला लांब फळी आहे, तिच्या वर पेटी बसवली. खालच्या फळीवर माझे तयार लाकडी धूपबाहुले असतात, त्यांना हलवायची गरज पडली नाही.

आनेरोझने फ्रीजर उघडला आणि किंचाळली. “एबरहार्ट! नाताळच्या हंसाशेजारी उंदीर?”

“डब्यात आहेत.”

“डब्यात आहेत म्हणे! बायकोला विचारायची पद्धत असते एखाद्या घरात.”

शेवटी हंस वर आणि उंदीर खाली असा तह झाला.

रविवार, ११ नोव्हेंबर

खाल्लं! पहिल्याच फटक्यात. कोमट पाण्यात गोठलेला उंदीर मऊ केला, लांब चिमट्याने पुढे धरला, आणि हुल्डाने तो असा घेतला की माझा चिमटा हातातून सुटला. डोरीनचा फोन आला तेव्हा मी धावत गेलो, पण तिने नेहमीप्रमाणे आईलाच विचारलं, “कशी आहे ती?” मी मागून ओरडलो, “खाल्लं!” आनेरोझने फोनमध्ये सांगितलं, “पप्पा म्हणतो खाल्लं.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला कोणी सांगितलं नाही.

काम चिक्कार आहे. दुकानाने साठ धूपबाहुले मागितलेत, वीस रानरक्षक, वीस पोस्टमन, वीस खाणकामगार. गावातले बाकीचे कारागीर दहातला एक तपासून देतात. आम्हा वायगेल्टांचा प्रत्येक बाहुला पेटवून बघितलेला असतो. पोटात धुपाची वडी ठेवायची, बूड बसवायचं आणि थांबायचं. खालच्या भोकांतून हवा शिरली पाहिजे, पोटात तापली पाहिजे आणि पाइप ओढल्यासारखा धूर तोंडातून निघाला पाहिजे. हवा नीट ओढली नाही तर बाहुला कितीही देखणा असो, तो चुलीत. आज चौदा पेटवले, तेरा पास. आनेरोझ खोकत होती. दर हिवाळ्यात खोकते, कांद्याचं औषध करून ठेवलंय.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

सकाळी पेटीतून शिट्टी ऐकू आली. बारीक, कोरडी, श्वासागणिक एक. मला आधी वाटलं की चुलीची नळी फुटली. मग कळलं की हुल्डा वाजतेय.

आनेरोझ म्हणाली, “डोरीनला फोन कर.”

“मुळीच नाही. बारा दिवस झालेत फक्त. बारा दिवसांत बिघडवलं म्हणेल.”

“मग काय करणार आहेस, मास्टर?”

मी चष्मा घालून बघत बसलो. डोळ्यांवर दुधी पडदा आलाय. अंगाचा रंग मळलाय. शिट्टी फक्त डाव्या नाकपुडीतून येतेय, हे मी कापसाचा धागा नाकासमोर धरून शोधून काढलं. डावीकडे धागा थरथरतो, उजवीकडे शांतपणे हलतो. बाहुल्याच्या तोंडात भुसा अडकला की तोही असाच वाजतो. म्हणजे आत आजार नाही, दारात काहीतरी अडकलंय. सूचनांच्या दुसऱ्या पानावर लिहिलंच आहे की कात टाकायच्या आधी डोळे दुधी होतात. मग सुटलेली कातडी नाकात अडकली तर शिट्टी वाजणारच की! पेटीत ओलं शेवाळ घातलं आणि वाट बघतोय.

सोमवार, १९ नोव्हेंबर

कात टाकली! डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध, मोज्यासारखी उलटी. नाकपुडीवरचा टिकलीएवढा तुकडासुद्धा तिच्यातच आला. शिट्टी गायब. मी ती कात चौकटीत बसवून भिंतीवर लावली. आनेरोझ म्हणते पाहुणे घाबरतील. घाबरू देत. कुठल्याही डॉक्टरशिवाय, नुसत्या कानाने आणि एका धाग्याने मी निदान केलंय. आपल्या कानाला तोड नाही.

रविवार, २ डिसेंबर

नाताळच्या आधीचा पहिला रविवार. संध्याकाळी घरातले सगळे बाहुले पेटवले, त्रेचाळीस. सगळा डोंगर या दिवसाची वर्षभर वाट बघतो. अख्ख्या गल्लीला धुपाचा वास, खिडक्याखिडक्यांतून दिवे. माझ्या वडिलांनी केलेला मेंढपाळ, सगळ्यात जुना बाहुला, मी मुद्दाम हुल्डाच्या पेटीसमोर ठेवला. सणाच्या दिवशी तिने एकटीने का बसावं? ती मान उंच करून बघत होती. तिलाही आवडलं असावं.

बुधवार, ५ डिसेंबर

पुन्हा आवाज. पण हा तो नव्हे.

तो कोरडा होता, हा ओला आहे. झाकण ठेवलेल्या भांड्यात रस्सा उकळावा तसा. आणि तो श्वास घेताना यायचा, हा सोडताना येतो. डोळे स्वच्छ आहेत, कात नुकतीच टाकलीय, म्हणजे ते कारण बाद. मान वर उचलून ती तशीच राहते, जणू खाली ठेवली तर बुडेल. उंदीर दिला, तोंड फिरवलं.

दुपारी लेथवर नाशपातीच्या लाकडाचा एक कर्णा केला. एका टोकाला वाटी, मधून नळी, दुसऱ्या टोकाला माझा कान. सुईणी पूर्वी पोटाला लावायच्या तसला. हुल्डाला हातावर घेतली आणि डोक्यापासून वीत-वीत पुढे सरकत ऐकलं. पहिल्या वितीत हृदय. दुसरीत आणि तिसरीत ती रटरट. त्यापुढे काही नाही. तिला हातात घेऊन एवढा वेळ मी पहिल्यांदाच बसलो. ती थंड असते असं मला वाटायचं, पण दिव्याखालून आलेली ती चांगली उबदार होती.

मला भीती वाटतेय. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

आमच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरने हात वर केले, त्याला गाई कळतात. मग केम्निट्झ शहरात सापांच्या डॉक्टर लोरेंत्स बाईंकडे गेलो. त्या आमच्याच डोंगरातल्या, वरच्या खोऱ्यातल्या. माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, “धूपबाहुलेवाले वायगेल्ट? अहो, आमच्या टेबलावरचा तुमचाच आहे!” खरंच, कागद भरायच्या टेबलावर माझा पोस्टमन मजेत धूर सोडत उभा होता. माझी छाती फुगली.

मी कर्णा काढला तेव्हा त्या हसल्या, पण मग लावून ऐकलं आणि हसू थांबलं. “दुसरी आणि तिसरी वीत म्हणालात? बरोबर. फुप्फुस तिथेच आहे.” एक्स-रे फोटो काढला, तोंडातला चिकटा काढून तपासायला पाठवला. फुप्फुसाला सूज आहे. “साप खोकू शकत नाही, वायगेल्टसाहेब. आपण खोकून बाहेर टाकतो. तिच्या आत जे जातं ते आतच साठतं.”

मग प्रश्नांची सरबत्ती. ऊब किती? एकतीस. ओलावा? साठ टक्के. खाली काय अंथरलंय? नारळाचा भुसा. घरात अत्तराचे फवारे? नाही. “घरात कोणी ओढतं का?”

“माझ्या बाहुल्यांशिवाय कोणी नाही,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही खळखळून हसलो.

दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन. ते घरी कसं द्यायचं ते शिकवलं.

सोमवार, १० डिसेंबर

इंजेक्शन दिलं. आनेरोझने हुल्डाला धरलं, मी टोचलं. गेल्या तीस वर्षांत आम्ही दोघांनी एकत्र इतकं नाजूक काम केलं नव्हतं. “चष्मा नीट लाव,” ती म्हणाली. “तू शेपूट नीट धर,” मी म्हणालो. दोघांनीही ऐकलं.

छातीला बरं म्हणून चीड झाडाच्या डिंकाच्या खास वड्या काढल्या. त्या आता तिच्या खोलीत दिवसभर लावतो. माझी आई आम्हा मुलांना सर्दी झाली की हेच करायची.

गुरुवार, १३ डिसेंबर

आवाज तसाच. कदाचित वाढलाय. दुकानाचे शेवटचे बावीस बाहुले आज तपासले. मन लागत नव्हतं, पण मुदत उद्याची.

आनेरोझ भांडी घासता घासता म्हणाली, “मागच्या रविवारी डोरीनने विचारलं तेव्हा ‘झोपलीय’ म्हणून मी खोटं बोलले. या रविवारी बोलणार नाही.”

“बरी झाली की सांगू.”

“आणि नाही झाली तर? जेवण वाढून झाल्यावर सांगशील?”

मी उठून बाहेर गेलो. लाकडं फोडली. गरजेपेक्षा जास्त फोडली.

शुक्रवार, १४ डिसेंबर

पुन्हा केम्निट्झ. तपासणीत साधे जंतू निघाले, औषधाने मरायला हवे होते. मरत नाहीत. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काहीतरी त्यांना मदत करतंय. थंड झोत लागत असेल. घरी जाऊन हवा कुठून येते ते तपासा. आणखी सहा इंजेक्शनं देऊ. नवीन वर्षापर्यंत फरक नाही पडला तर तिला त्रासातून सोडवण्याचा विचार करावा लागेल.”

परतताना तिची प्रवासाची छोटी पेटी माझ्या मांडीवर होती. आनेरोझ गाडी चालवत होती आणि कोणीच रेडिओ लावला नाही.

सोमवार, १७ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

थंड झोत शोधायचा होता. हवा दिसत नाही, मग ती बघायची कशी? ते मला कोणी शिकवायला नको. वडी पेटवली, चिमट्यात धरली आणि दारांच्या फटी, खिडकीची चौकट, सगळीकडून फिरवली. धूर सरळ वर. झोत कुठेच नाही. मग खालच्या फळीवरून पेटीच्या पुढच्या जाळीजवळ नेली. काचेच्या खाली हवेसाठी एक लांबट जाळी आहे, आणि वर झाकणात दुसरी.

धूर वाकला आणि जाळीतून आत शिरला. अगदी सपकन. आत जमिनीलगत पसरला, हुल्डाच्या अंगावरून गेला, उबेच्या दिव्याखाली तापून वर चढला आणि वरच्या जाळीतून बाहेर पडला. संथ, अखंड, एकसारखा. आणि मी, मूर्ख म्हातारा, पहिल्यांदा मनात म्हणालो, वा! काय सुरेख ओढते!

मग मी पेटीकडे पुन्हा बघितलं.

खाली भोकं. पोटात ऊब. वर तोंड. चव्वेचाळीस वर्षं मी हीच वस्तू बनवतोय. ही पेटी म्हणजे धूपबाहुला आहे, आणि त्याच्या पोटात हुल्डा आहे. खालच्या फळीवर नोव्हेंबरपासून मी साठ बाहुले पेटवले, वर माझ्या बापाचा मेंढपाळ, वर डिंकाच्या वड्या दिवसभर, तिच्या छातीला बरं वाटावं म्हणून! जो जीव खोकूही शकत नाही त्याला मी सहा आठवडे धुरावर टांगून ठेवलं. आणि आवाज ऐकायला स्वतः कर्णाही घडवला!

मी स्टुलावर बसून रडलो. आनेरोझ पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. तिला दाखवलं. तिने धूर आत जाताना पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

“कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईसुद्धा...”

“त्यांच्या टेबलावरही पेटलेलाच होता.”

मंगळवार, १८ डिसेंबर

आज घरातला धूर संपला. त्रेचाळीस बाहुले, अकरा डबे वड्या, सगळं बागेतल्या शेडमध्ये. पडदे उतरवून धुतले. कामाच्या खोलीतून हुल्डाला बैठकीच्या खोलीत आणलं, सोफ्याच्या बाजूला. भिंती साबणाने पुसल्या तर पाणी काळं निघालं. शिडीवरून आनेरोझने ते बादलीभर पाणी दाखवलं. “ही भिंत पांढरी होती होय?”

डॉ. लोरेंत्स यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी इथेच जन्मले, इथेच वाढले, वायगेल्टसाहेब. मी तुम्हाला सिगारेटबद्दल विचारलं आणि समोर...” आणि लगेच कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, “तो पोस्टमन विझवा आधी!”

मी साधासुधा माणूस नाही. हे मी शोधलं. केलंही मीच, पण शोधलंही मीच.

बुधवार, १९ डिसेंबर

रविवारी डोरीनचा फोन आलाच नाही; आता तिला सांगायचं. आनेरोझ म्हणाली, “मी सांगू?” मी म्हणालो, नको.

नंबर मी स्वतः फिरवला. ती म्हणाली, “आई कुठाय? काय झालं?” मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. डिंकाच्या वड्यासुद्धा. नवीन वर्षापर्यंत फरक पडला नाही तर काय, तेही. मग मी थांबलो. पलीकडे इस्पितळातल्या गाड्यांची चाकं वाजत होती.

“पप्पा,” ती म्हणाली, “तू आधी सांगितलंस.”

“काय?”

“काही होण्याच्या आधी सांगितलंस.” आणि फोन ठेवला. रागावून की कशी, ते मला कळलं नाही. आनेरोझला कळलं बहुतेक, कारण ती मला कॉफीचा दुसरा कप देऊन गेली.

सोमवार, २४ डिसेंबर

नाताळची संध्याकाळ. नऊ पदार्थ रीतीप्रमाणे झाले, मसूर, सॉसेज, कोबी, बटाट्याचे गोळे, हंस, सगळं. फक्त धूप नाही. आनेरोझचा भाऊ सिगमार जेवायला आला. त्याचं धूपवड्यांचं दुकान आहे. दारातच त्याने नाक हुंगलं.

“काय रे हे? कोणी वारलं का घरात?”

“साप आजारी आहे.”

“एका गांडुळासाठी नाताळ विझवलास? वायगेल्टच्या घरात? गावात सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.”

“सांग की. कारणही सांग.”

जेवण झाल्यावर त्याने खिशातून एक वडी काढली. “एकच रे, सणापुरती.” आणि काडी ओढली. मी त्याच्या हातातून ती वडी घेतली आणि त्याच्याच बिअरच्या ग्लासात टाकली. फस्स! सिगमारचं तोंड उघडंच राहिलं. आधी आनेरोझ हसायला लागली, टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी. शेवटी सिगमारसुद्धा, पण त्याला नवीन ग्लास द्यावा लागला.

शनिवार, २९ डिसेंबर

वाईट दिवस. सकाळी तिचं तोंड किंचित उघडं होतं, कडेला बुडबुडा. पाचवं इंजेक्शन कालच दिलं होतं. मला वाटलं धूर काढला की आवाज थांबेल, जसा भुसा काढला की बाहुला वाजायचा थांबतो. पण बाहुल्याला जखम होत नाही.

डोरीनचा फोन आला. मला म्हणाली, “कर्ण्याचं टोक फोनला लाव.” मी हुल्डाला मांडीवर घेतली, दुसऱ्या वितीवर वाटी टेकवली आणि दुसऱ्या टोकाला फोन धरला. दोन-तीन मिनिटं तिने ऐकलं. मग ती म्हणाली, “प्रत्येक श्वासाला नाहीये, पप्पा. तिनातला एक स्वच्छ येतोय.”

मी कान लावून मोजलं. खरंच! मी आवाजच ऐकत बसलो होतो, स्वच्छ श्वास मोजायचं सुचलंच नव्हतं. शेवटी नर्स आहे ती, आणि कान तिने माझा घेतलाय. आजपासून दर तीन तासांनी वीस श्वास मोजणार.

रविवार, ३० डिसेंबर

विसातले आठ स्वच्छ.

सोमवार, ३१ डिसेंबर

शेवटचं इंजेक्शन. विसातले अकरा. बाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले. “वाट बघू,” त्या म्हणाल्या. ‘सोडवण्या’चा शब्द त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

गुरुवार, ३ जानेवारी

वीसच्या वीस!

पुन्हा मोजले. वीस. आनेरोझला मोजायला लावले, तिला कर्ण्यातून काहीच ऐकू येईना. “काही नाही येत रे,” ती म्हणाली. अगं तेच तर! तेच तर हवंय! मी तिला स्वयंपाकघरात गरकन फिरवली, ती म्हणाली पाठ मोडेल. मोडू दे. हुल्डाने मान खाली ठेवली, वेटोळ्यावर हनुवटी टेकवली आणि डोकं लपवून झोपली. महिनाभरात पहिल्यांदा.

शनिवार, ५ जानेवारी

खाल्लं. चिमटा पुन्हा गेला हातातून.

आणखी एक गोष्ट, हुल्डाशी संबंध नाही तरी लिहितो. आनेरोझ यंदा खोकत नाही. कांद्याच्या औषधात या वेळी मध जास्त घातला होता, त्याचाच गुण दिसतोय. पुढच्या वर्षीही तेवढाच घालायला सांगितलंय.

बुधवार, ९ जानेवारी

दुकानाचा माणूस आला होता. इस्टरसाठी चाळीस बाहुले हवेत, ससे. घेतलं काम, पण तपासणी आता शेडमध्ये, दार उघडं टाकून, अंगात ओव्हरकोट घालून. सिगमार गावात सांगत फिरतोय की वायगेल्टला वेड लागलं. पण परवा त्याच्याच शेजारणीने येऊन हळूच विचारलं, तिचा पोपट हिवाळ्यात घरघरतो, त्याचं काय करावं? मी कर्णा घेऊन गेलो.

शनिवार, १२ जानेवारी

डोरीन आली, चार दिवसांची रजा काढून. कोट न काढता थेट पेटीकडे गेली. हुल्डाला खांद्यावर घेतली, नाक तपासलं, तोंड उघडून आतली गुलाबी कड बघितली, मग माझा कर्णा उचलून कानाला लावला. बराच वेळ लावून बसली. मी दाराशी उभा होतो, हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

“हे तू केलंस?” तिने कर्णा उलटापालटा करत विचारलं.

“नाशपाती आहे.”

“मला एक करून दे.”

रात्रीच्या जेवणाला तिने दोनदा वाढून घेतलं.

सोमवार, १४ जानेवारी

केम्निट्झ, शेवटची तपासणी. डोरीन आणि मी दोघंच गेलो. फोटोत फुप्फुस काळंभोर, म्हणजे स्वच्छ. डॉ. लोरेंत्स यांनी आधी माझ्या कर्ण्याने ऐकलं, मग स्वतःच्या यंत्राने, आणि माझा हात हातात घेतला. “पंचवीस वर्षं डॉक्टरकी करतेय. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.”

मग त्यांनी नवा छापलेला कागद दाखवला, येणाऱ्या प्रत्येकाने भरायचा. प्रश्न नववा: घरात धूप जाळता का? किती, आणि प्राण्यापासून किती लांब? गेल्या दोन आठवड्यांत तीन जणांनी ‘हो’ लिहिलं म्हणे, एका कासवासकट. चव्वेचाळीस वर्षांत माझे बाहुले जपानपर्यंत गेले, पण असा अभिमान कधी वाटला नव्हता.

तो कागद आम्हालाही भरायचा होता. डोरीनने पेन घेतलं. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “मे महिन्यात तुम्ही तिला घेऊन जाणार ना? मग पत्ता बासेलचा लिहा.”

“नाही,” डोरीन म्हणाली, वर न बघता. “माझी नोकरी दोन वर्षांनी वाढलीय. ती इथेच राहील.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी काही बोलायच्या आत तिने कागद माझ्यापुढे सरकवला. प्राण्याचं नाव: हुल्डा. मालक: डोरीन वायगेल्ट. त्याखाली एक ओळ होती, ‘प्राण्याची जबाबदारी कोणाकडे; तातडीच्या वेळी निर्णय कोणी घ्यायचा’. तिथे तिने माझं नाव लिहिलं होतं. एबरहार्ट वायगेल्ट, वडील. मला न विचारता, पेनाने, एकही अक्षर न खोडता.

मी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.